‘सावर गं बाई’ म्हणण्याआधी

 

आज आपण एका शब्दाविषयी बोलणार आहोत. शब्द नेहमीचाच आहे. कुणाच्या घरचं माणूस गेलं, पीक बुडालं, घर पडलं की आपण भेटायला जातो. पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, “सावर गं बाई, लेकरांकडं बघ.” मग महिना-पंधरा दिवसांनी ती बाई नळावर किंवा बाजारात दिसते. घरी येऊन आपण सांगतो, “सावरली बिचारी.” शब्द मायेचाच असतो. पण तो कधी बोलायचा, कुणी बोलायचा आणि बोलताना आपल्या हातात काय असावं, याचा विचार आपण फारसा करत नाही. तो विचार करायला आपला इतिहास चांगला उपयोगी पडतो. गेल्या दीडशे वर्षांत आपल्या भागावर दुष्काळ आले, भूकंप आले, रोगाच्या साथी आल्या. त्यातून माणसं कशी सावरली, आणि कधी नुसतीच ‘सावरली’ असं म्हटलं गेलं, ते आज पाहू.

शब्दाच्या घरात

सावरणं हा शब्द आपल्या अंगाखांद्यावरचा आहे. आपण पदर सावरतो. डोक्यावर घागर घेऊन चढण चढताना तोल सावरतो. लेकरू ठेचकाळलं तर भुईवर पडायच्या आत त्याला सावरतो. नव्या सुनेकडून आमटीत मीठ जास्त पडलं तर थोरली जाऊ बटाटा टाकून ती सावरून घेते. जाणती माणसं या शब्दाचं नातं संस्कृतातल्या ‘संवरण’ या शब्दाशी जोडतात. संवरण म्हणजे निसटणारी गोष्ट आवरून धरणं.

आता यातली एक गंमत पाहा. घागरीचा तोल बाई एकटीच सावरते. ठेचकाळलेल्या लेकराला मात्र दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो. “मी सावरले” असंही आपण म्हणतो आणि “त्यांनी मला सावरलं” असंही म्हणतो. आपल्या भाषेने दोन्ही गोष्टी एकाच शब्दात ठेवल्या आहेत. पण दुःखाच्या घरी गेल्यावर आपल्या तोंडी बहुतेक वेळा पहिलाच अर्थ येतो. “सावर” म्हणजे तुझं तू सावर.

या शब्दाच्या शेजारी आणखी दोन शब्द राहतात, ते वेगळे ओळखायला हवेत. एक आहे ‘सोसणं’, म्हणजे दुःख, मार, उपास अंगावर घेत राहणं. दुसरा आहे ‘तगणं’. पाऊस लांबला तरी एखादं रोप तगतं. ते मरत नाही, पण वाढतही नाही. सोसणारी बाई आणि सावरलेली बाई लांबून सारख्याच दिसतात. दोघी स्वयंपाक करतात, दोघी कामाला जातात, दोघी विचारल्यावर “बरं आहे” म्हणतात. फरक जवळ गेल्यावर कळतो. जवळ न जाता, लांबूनच जोखलं की काय होतं, ते १८७७ साली दिसलं.

एक रतल धान्य

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, विजापूर या भागांत पिकं गेली, गुरं गेली, माणसं गाव सोडून निघाली. इंग्रज सरकारने रस्त्यांची आणि तलावांची कामं काढली. त्या कामांवर मजुरी किती द्यायची, यावर सर रिचर्ड टेंपल या बड्या अधिकाऱ्याने मत मांडलं की माणूस याहून कमी अन्नावर काम करू शकतो, सरकारने खर्च आवरावा. त्याप्रमाणे बाप्याची मजुरी दिवसाला एक रतल धान्य किंवा त्याची किंमत आणि वर एक आणा एवढी खाली आणली गेली. बायांना त्याहूनही कमी. एक रतल म्हणजे आजचं अर्धा किलोही नाही. दिवसभर दगड-माती वाहायची आणि तेवढ्यावर स्वतःचं आणि घरातल्यांचं भागवायचं.

मजुरांनी ते मुकाट्याने घेतलं नाही. मुंबई इलाख्यात हजारो लोकांनी सरकारी कामं सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्याच सुमाराला सावित्रीबाई फुले जुन्नर भागात होत्या. ओतूरहून २० एप्रिल १८७७ ला त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आज वाचायला मिळतं. लोकांचे आणि जनावरांचे हाल, सावकारांचा जाच आणि सत्यशोधक मंडळींनी गावोगाव चालवलेली मदत, हे सगळं त्या पत्रात आहे. सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी अन्नछत्रही चालवलं.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम आधी सांगितली. टेंपलसाहेबाच्या हिशोबात लोक सोसतात, तगतात, म्हणजे त्यांना कमी दिलं तरी चालतं. आजही हा हिशोब कानावर पडतो. “गावाकडची माणसं फार चिवट, कशातूनही उभी राहतात.” “आमच्या बाया खंबीर आहेत.” ऐकायला गोड वाटतं. पण हे कौतुक करणारा माणूस पुढच्याच दमात मदत कमी करत असेल, तर ते कौतुक नव्हे. सावित्रीबाई आणि त्यांचे सोबती लोकांचा चिवटपणा मोजत बसले नाहीत, त्यांनी धान्य गोळा केलं.

दुष्काळाने पोरकी केलेली मुलगी

आता एका बाईची गोष्ट. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई डोंगरे, पुढे पंडिता रमाबाई म्हणून ज्यांना आपण ओळखतो, त्या तीर्थयात्रा करत फिरणाऱ्या विद्वान बापाच्या घरातल्या. वडील अनंतशास्त्री आणि आई लक्ष्मीबाई, दोघंही १८७४ साली, दुष्काळाच्या दिवसांत दक्षिणेत गेले. पाठोपाठ मोठी बहीणही गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. उरलेल्या भावाबरोबर त्या पायी फिरत राहिल्या आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

त्यांच्या पाठीशी पैसा नव्हता, आईबाप नव्हते. होती ती आईने शिकवलेली संस्कृत विद्या. ज्या काळात बाईने अक्षर ओळखणंही पाप मानलं जाई, त्या काळात लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवलं होतं. तीच शिदोरी पुढे कामी आली. पुढे भाऊ वारला, लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा वारला, पदरात तान्ही मनोरमा. त्याही वेळी याच शिदोरीने त्यांना चालवलं. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला यावरून मोठे वाद झाले, ते आज आपला विषय नाहीत.

आपल्या विषयाची गोष्ट पुढे आहे. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि अनाथ मुली, टाकलेल्या बाया यांना आपल्यासोबत घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आणल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे विहिरी खणल्या, शेती केली. मुलींना लिहायला-वाचायला शिकवलं आणि त्याबरोबर विणकाम, शिवण, तेल गाळणं, गाईगुरं पाळणं, छापखान्यात काम करणं हेही शिकवलं. दृष्टी नसलेल्या मुलींना ब्रेल लिपी शिकवली.

ज्या मुली उपाशी, आजारी, घाबरलेल्या आल्या, त्यांना “आता सावरा” असं सांगून काही झालं नसतं. आधी अन्न, मग औषध, मग झोपायला सुरक्षित जागा, आणि त्यानंतर हाताला हुन्नर, असा तो क्रम होता. रमाबाईंना हा क्रम कळत होता, कारण दुष्काळ त्यांनी स्वतः भोगला होता. जशा दुष्काळाने त्यांचे आईबाप नेले, तशाच दुष्काळातल्या मुलींसाठी त्यांनी घर उघडलं.

बहात्तरचा दुष्काळ आणि खडी

यानंतरचं पान तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या सासूने, आजीने जगलेलं आहे. १९७२ चा दुष्काळ. खरं तर पाऊस त्याआधीपासून दगा देत होता. १९७० पासून लागोपाठ वर्षं वाईट गेली आणि बहात्तरला कहर झाला. विहिरी आटल्या, ज्वारी मिळेना, गुरं मातीमोलाने विकली. परदेशातून आलेला लाल मिलो खाऊन माणसांनी दिवस काढले.

पण १८७७ आणि १९७२ यांत मोठा फरक पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती, आणि त्यांत बायांची संख्या मोठी होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि सगळ्यात जास्त आठवतं ते खडी फोडणं. हातात हातोडी, डोक्यावर फाटका पदर, झाडाला बांधलेल्या झोळीत तान्हं लेकरू. कामावर सुकडी मिळायची. मस्टरवर नाव लागायचं. कित्येक बायांच्या आयुष्यात त्यांच्या स्वतःच्या नावाने, अंगठा उठवून पगार मिळाला तो पहिल्यांदा तिथेच.

त्या कामाचे हाल खोटे नव्हते. तळहाताला फोड यायचे, खडीची कपची डोळ्यात उडायची, पगार उशिरा व्हायचा, मोजमापात मुकादम हात मारायचा. म्हणून मोर्चे निघाले, घेराव झाले. शेतमजूर संघटना, डाव्या पक्षांचे कार्यकर्ते, गावोगावच्या बाया रस्त्यावर आल्या. त्यांचं मागणं होतं की काम ही सरकारची मेहेरबानी नको, तो हक्क असावा. कामाच्या हमीची ही कल्पना वि. स. पागे यांनी आधीच मांडली होती आणि १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोगही झाला होता. बहात्तरनंतर तिला जोर आला. विधिमंडळाने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागणी केल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. बाईला आणि बाप्याला एकच दर. कामावर प्यायचं पाणी, सावली आणि लहान लेकरांची सोय. यासाठीचा पैसा उभा करायला शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. पुढे २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याला आपल्या महाराष्ट्राचा हा अनुभव उपयोगी पडला.

मैत्रिणींनो, यात आम्हाला एक गोष्ट फार मोलाची वाटते. मुंबईतल्या कचेरीत बसलेल्या माणसाच्या पगारातून कापलेला कर माण-खटावच्या, आष्टी-पाटोद्याच्या बाईच्या मजुरीला लागला. तिने खडी फोडली, घाम तिचा होता. पण तिच्या मागे कायदा आणि पैसा उभा राहिला. “दुष्काळातून आमच्या बाया सावरल्या” हे वाक्य आपण अभिमानाने बोलावं, पण ते अर्धंच बोलू नये. हक्काचं काम मागून घेतलं म्हणून त्या सावरल्या, असं पुरं बोलावं.

किल्लारीच्या बाया

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जनाची रात्र संपत आली होती, माणसं दमून झोपली होती. चार वाजायच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं मिनिटाच्या आत ढिगारा झाली. आठ ते दहा हजार माणसं गेली. तिकडची घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचं वजनदार माळवद असलेली. उन्हाळ्यात गारवा देणारी ती माळवदंच त्या पहाटे अंगावर आली.

मदतीचा ओघ देशभरातून आणि जगभरातून आला. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा कार्यक्रम आखला गेला. ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं. जिथे नुकसान थोडं होतं तिथे घरमालकांनी स्वतःच घर दुरुस्त आणि मजबूत करायचं आणि सरकारने पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे, असं ठरलं. अशी घरं एक लाखाहून जास्त होती.

सुरुवातीला सगळा कारभार पुरुषांशी चालला. साहेब यायचे, गावातल्या पुढाऱ्यांशी बोलायचे, नकाशे दाखवायचे. बाया ओट्यावरून बघायच्या. पुढे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने एक वेगळं काम झालं. गावातल्याच बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. हजाराच्या आसपास गावांत हे काम पसरलं. या बायांनी घरोघर जाऊन कोणत्या घराला किती मदत मंजूर आहे ते सांगितलं. भिंतीत आरपार जाणारे दगड का घालायचे, कोपरे कसे बांधायचे, छपराचं ओझं कसं कमी करायचं, हे त्या आधी स्वतः शिकल्या आणि मग गवंड्याला विचारू लागल्या. सिमेंट किती आलं, वाळू कसली आहे, पुढचा हप्ता का अडला, हे ग्रामसभेत उभं राहून विचारू लागल्या.

घरात झोपायची भीती वाटते म्हणून महिनोन्‌महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेल्या बायांना भिंत कशाने पडते आणि कशाने टिकते हे कळणं किती मोठं असेल, याचा विचार करा. भीती “घाबरू नको” म्हटल्याने जात नाही. आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याला कळेल अशा रीतीने भिंत बांधली गेली, तर ती थोडी थोडी कमी होते.

घरांचा कार्यक्रम संपला तरी या बायांचे गट टिकले. बचत, पाणी, आरोग्य अशा कामांना ते लागले. २६ जानेवारी २००१ ला गुजरातेत कच्छचा भूकंप झाला तेव्हा आपल्या मराठवाड्यातल्या बाया तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पेहराव वेगळा. पण आमचं घरही असंच पडलं होतं आणि आम्ही ते असं उभं केलं, हे सांगणारी बाई समोर आली की त्याचं वजन वेगळं असतं. आठ वर्षांपूर्वी ज्यांना सावरायला हात लागले, त्यांचे हात आता दुसऱ्यांना लागले.

तरी सगळं गोड झालं असं म्हणता येत नाही. नवी गावं चौकोनी आखणीची, रुंद रस्त्यांची झाली. जुन्या गल्लीतलं दाराला दार, ओट्याला ओटा हे शेजारपण तुटलं. कागदावर ‘पुनर्वसन पूर्ण’ असं लिहिता येतं, कारण घरं मोजता येतात. वसणं मोजता येतं, सावरणं मोजता येत नाही. आजही दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीत गेलेल्यांना श्रद्धांजली वाहिली जाते. तिथली माणसं सावरली नाहीत असं कुणी म्हणणार नाही. पण ती विसरलेलीही नाहीत, आणि सावरण्यासाठी विसरावं लागतं असा काही नियम नाही.

हेरवाडचा ठराव

शेवटची गोष्ट अगदी कालपरवाची. कोरोनाच्या दोन वर्षांत कितीतरी तरुण बायांचे नवरे गेले. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ ला ग्रामसभेत एक ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, पायातली जोडवी काढणं, या प्रथा गावात बंद करायच्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्यानंतर अनेक ग्रामपंचायतींनी तसे ठराव केले.

आपल्या शब्दाच्या दृष्टीने या ठरावाकडे बघा. नवरा गेला त्या दिवशी बायाच बाईला धरून बसतात, तिला पाणी पाजतात, “सावर” म्हणतात. आणि त्याच बाया तिचे हात धरून बांगड्या फोडतात. पुढे वर्षभर सणावाराला, हळदीकुंकवाला, लेकीच्या लग्नात पुढे यायला तिला मनाई असते. एका हाताने सावरायचं आणि दुसऱ्या हाताने ढकलायचं, असं आपल्या हातून पिढ्यान्‌पिढ्या होत आलं. हेरवाडने यातला ढकलणारा हात थांबवायचं ठरवलं. कधी कधी कुणाला सावरायचं म्हणजे नवीन काही द्यायचं नसतं. तिच्याकडे उरलेलं काढून घ्यायचं नसतं, एवढंच.

ठरावाने सगळं बदललं नाही हेही खरं. ठराव कागदावर आणि जुनी रीत घरात, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. शिवाय बांगड्या राहिल्या तरी सातबाऱ्यावर नाव लागलं का, रेशनकार्ड वेगळं झालं का, दीर-सासऱ्याने घरात राहू दिलं का, हे प्रश्न उरतातच. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची जमीन बापाच्या नावावर असल्यामुळे ज्यांचं मदतीचं प्रकरण अपात्र ठरलं, अशा बायाही आपल्या राज्यात आहेत. त्यांना “खंबीर राहा” म्हणणारे भरपूर भेटतात. तहसील कचेरीत सोबत येणारे थोडे असतात.

शब्द जपून वापरू

एवढ्या गोष्टी ऐकल्यावर ‘सावर’ हा शब्द टाकून द्यावा असं आमचं म्हणणं नाही. तो सुंदर शब्द आहे, आपल्या आयांनी वापरलेला आहे. म्हणणं एवढंच की तो मोकळ्या हाताने वापरू नये.

पहिलं, तो लवकर वापरू नये. ज्या घरात दिवस सुरू आहेत, तिथे बाईला रडू द्यावं. रडणं म्हणजे न सावरणं नव्हे. आणि महिने उलटले तरी तिला झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जीव द्यावासा वाटतो असं ती बोलत असेल, तर “मन घट्ट कर” एवढ्यावर सोडू नये. आशाताईला सांगून तिला दवाखान्यात न्यावं, तिच्याजवळ कुणीतरी राहावं.

दुसरं, ‘सावरली’ हा निकाल आपण देऊ नये. ती कामाला लागली, कारण चूल थांबत नाही. तिला विचारावं, आणि विचारून थोडं थांबावं. पहिलं उत्तर “बरं आहे” असंच येतं.

तिसरं, जिथे सोसणं थांबायला हवं तिथे हा शब्द आणू नये. नवरा दारू पिऊन मारतो त्या बाईला “तूच सावरून घे” असं आपण सांगतो. तिथे ‘सावरून घेणं’ म्हणजे झाकून घेणं होतं. अशा वेळी तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे, पोलिसांकडे किंवा माहेरी सुखरूप पोचवणं हेच सावरणं.

आणि चौथं, बोलताना सोबत काहीतरी असावं. दोन पायल्या ज्वारी असेल, लेकरं सांभाळायला एक दुपार असेल, बँकेत सोबत जाणं असेल, गटाच्या कर्जाचा हप्ता पुढे ढकलण्याचा ठराव असेल. सावित्रीबाईंकडे धान्य होतं, रमाबाईंकडे घर आणि हुन्नर होता, बहात्तरच्या बायांनी कायदा मिळवला, किल्लारीच्या बायांकडे भिंतीचं ज्ञान होतं.

आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला. गावात गेल्या वर्षभरात कुणाचं घर, पीक किंवा माणूस गेलं त्यांची नावं काढा. आपण त्यांना काय म्हणालो ते आठवा, आणि त्यानंतर काय केलं तेही. जुन्या बायांना बहात्तरच्या खडीच्या गोष्टी विचारा, त्यांना कुणी कसं सावरलं ते विचारा आणि लिहून ठेवा. ज्या गावांनी हेरवाडसारखा ठराव केला असेल त्यांनी तो पाळला जातो का ते बघा, ज्यांनी केला नसेल त्यांनी ग्रामसभेत विषय घ्या. तुमच्याकडून आलेल्या गोष्टी आम्ही रेडिओवर वाचून दाखवू.

काळजी घ्या, एकमेकींची घ्या. रामराम.